लाइट्स आउट सुटत नाहीये? मग या चुका टाळा

५ बाय ५ चा बोर्ड, एक घर दाबलं की ते आणि त्याच्या वर-खाली-डावी-उजवीकडची घरं उलटी होतात, चालू असेल ते बंद आणि बंद असेल ते चालू, शेवटी सगळा बोर्ड काळा करायचा, एवढाच गेम. १९९५ मध्ये टायगर इलेक्ट्रॉनिक्सने हातात धरायचं खेळणं म्हणून काढला, आता फोनवर वेगवेगळ्या नावांनी सापडतो. दिसायला पोरखेळ, पण भलेभले अडकतात आणि बहुतेक सगळे त्याच त्या ठिकाणी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिसला दिवा की दाब त्यालाच. आणि त्याचीच बहीण, किती दिवे उरले यावरून आपण किती जवळ आलो ते ठरवणं. अधिकच्या चिन्हासारखे ५ दिवे पेटलेले असतील तर मधलं घर एकदा दाबलं की खेळ खल्लास, आणि कोपऱ्यात एकच दिवा उरला असेल तर तो जन्मात विझत नाही (का ते खाली सांगतो). त्यामुळे दिवे मोजणं सोडा, कुठली घरं दाबली ते बघा. एकच घर दोनदा दाबलं म्हणजे दाबलंच नाही, आणि आधी कुठलं नंतर कुठलं याने काडीचा फरक पडत नाही.

आता पद्धत. पहिल्या ओळीत जे दिवे पेटलेत त्यांच्या बरोब्बर खालची घरं दुसऱ्या ओळीत दाबा, पहिली ओळ साफ, मग तसंच तिसरीत, चौथीत, पाचवीत. मध्येच वर जाऊन काहीतरी "सुधारायला" गेलात की सगळं मुसळ केरात. समजा २५ च्या २५ दिवे चालू आहेत. दुसऱ्या ओळीत पाचही घरं दाबायची, तिसरीत फक्त दोन टोकं, चौथीत डावीकडून १, २, ४, ५ नंबरची आणि पाचवीत २, ३, ४. शेवटी खालचे दोन कोपरे पेटलेले राहतात, आणि इथेच लोक वैतागून रीसेट मारतात! अहो, अर्धं काम झालंय. खाली काय उरलं ते बघून वरच्या ओळीत ठराविक घरं दाबायची आणि परत तसंच खाली यायचं:

खाली १, ५ उरले तर वर १ आणि २
२, ४ उरले तर १ आणि ४
१, २, ३ तर २
३, ४, ५ तर ४
२, ३, ५ तर १
१, ३, ४ तर ५
१, २, ४, ५ तर ३

या सातांपेक्षा वेगळं काही उरलं तर एकतर खाली येताना घर चुकलं, नाहीतर तो बोर्ड सुटणाराच नाही. हो, असे बोर्ड असतात, ५ बाय ५ मध्ये चारातले तीन! एकटा दिवा असेल तर लुडोच्या फाशावरचे पाच ठिपके आठवा, मधलं घर आणि त्याला तिरकी लागून असलेली चार, एवढ्याच जागांवरचा एकटा दिवा विझतो, बाकी २० जागांवरचा नाही. स्वतः गेम कोड करणारे इथेच माती खातात, रँडम दिवे पेटवतात आणि मग युजर शिव्या घालतात. सगळे दिवे बंद ठेवून सुरू करा आणि रँडम घरं दाबून बोर्ड बनवा, मग तो सुटणारच.

हेच टेबल ४ बाय ४ ला लावू नका. तिथे सुटणारा बोर्ड एकदा खाली आलात की सुटतोच, खाली काही उरलं तर नाद सोडा. ३ बाय ३ मात्र कसाही असला तरी सुटतो. आणि काही ॲपमध्ये डावी कड उजवीला आणि वरची कड खालच्या कडेला जोडलेली असते, तिथे ही पद्धत आणि टेबल चालत नाही, त्यामुळे आधी कोपरा दाबून किती घरं उलटतात ते बघा, ३ असतील तर नेहमीचा गेम, ५ असतील तर जोडलेला.

राहिला स्टारचा प्रश्न, म्हणजे कमी मूव्ह्जमध्ये सोडवलं की ॲप देतं त्या स्टारचा. या पद्धतीने गेम सुटतो पण मूव्ह्ज जास्त होतात. ५ बाय ५ ला प्रत्येक सुटणाऱ्या बोर्डाची चार उत्तरं असतात आणि आपल्याला मिळतं ते सगळ्यात छोटं असेलच असं नाही. दाबलेली घरं कागदावर मांडा, जे दोनदा आलं ते खोडा. मग १, ३, ५ या ओळींतली १, २, ४, ५ नंबरची घरं बघा, एकूण १२. ही सगळी दाबली तरी बोर्ड जसाच्या तसा राहतो, म्हणून यातली ७ किंवा जास्त तुमच्या उत्तरात असतील तर ती काढून उरलेली घाला. तसंच ओळ १, २, ४, ५ मधली १, ३, ५ नंबरची घरं, आणि मग दोन्ही मिळून पण करून बघा. १५ च्या वर मूव्ह्ज कधीच लागत नाहीत, तुमचं उत्तर १८ वर अडकलं असेल तर ही अदलाबदल राहिलीये.