परसबागेसाठी बायोचार आणि सालीचे आच्छादन: कोकणातील तयारीची यादी

जांभ्याच्या लाल मातीत परसबाग करणाऱ्याने सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्यावी: बायोचार, म्हणजे लाकूड कमी हवेत जाळून मातीसाठी केलेला कोळसा, मातीत मिसळायचा असतो आणि झाडाची साल मातीवर पसरायची असते. या दोहोंची अदलाबदल झाली, की नुकसान ठरलेले. ताजी साल मातीत पुरली तर तिला कुजवणारे जिवाणू आजूबाजूचा नत्र ओढून घेतात आणि मिरची-वांग्याची पाने पिवळी पडतात. कोरडा बायोचार वर पसरला तर पहिल्या मोठ्या सरीबरोबर तो तरंगत गटारात जातो. म्हणून ही तयारी हंगामाप्रमाणे विभागावी. कोळसा उन्हाळ्यात करावा, पावसाच्या तोंडावर मातीत मिसळावा, आणि सालीचे आच्छादन पाऊस ओसरल्यावर घालावे.

पहिले काम माती तपासण्याचे, आणि ते होळीच्या आधी उरकावे, म्हणजे अहवाल हाती येण्यास वेळ मिळतो. वाफ्यातील पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे वीतभर खोल खड्डे घेऊन त्यांच्या बाजूची माती खरवडावी, सगळी एकत्र करून सावलीत वाळवावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग टाकत जावे आणि शेवटी उरलेली अर्धा किलो माती कापडी पिशवीतून प्रयोगशाळेत द्यावी. उकिरड्याजवळची, झाडाच्या बुंध्यातली किंवा नुकतेच खत घातलेली माती घेऊ नये. कोकणातील जांभ्याच्या मातीचा सामू बहुधा ५ ते ६.५ असतो, म्हणजे ती आम्ल असते, शिवाय सुमारे ३००० मिलिमीटर पावसात तिच्यातील अन्नद्रव्ये झिरपून जातात. बायोचार साधारणपणे अल्कधर्मी असतो आणि त्याच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी व अन्नद्रव्ये धरली जातात, त्यामुळे तो येथे खरोखर उपयोगी पडतो. देशावरील काळ्या मातीचे तसे नाही. ती मुळातच अल्कधर्मी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवणारी असल्यामुळे तेथील बागकाम करणाऱ्यांनी आधी शेणखत आणि आच्छादन यांवरच भर द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाळण्याचा माल मार्चपासून वाळत घालावा. नारळाच्या करवंट्या, आंब्या-फणसाच्या छाटलेल्या फांद्या, सुरूच्या काटक्या आणि बांबूचे तुकडे उत्तम. जाडी मनगटापेक्षा जास्त नको आणि ओल मुळीच नको, कारण ओल्या लाकडाचा नुसता धूर होतो. रंगवलेले लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक आणि समुद्रातून वाहून आलेले खारट लाकूड वर्ज्य समजावे. काजूच्या टरफलांचा मोह अनेकांना होतो, परंतु त्यांतील तेल कातडी भाजणारे असते आणि त्यांचा धूर डोळ्यांना व घशाला झोंबतो, म्हणून तीही बाजूलाच ठेवावीत.

खड्डा शंकूच्या आकाराचा खणावा: वर एक मीटर रुंद, खाली निमुळता, खोली सुमारे दोन फूट. तो झाडांपासून, गवतापासून आणि गोठ्यापासून दूर असावा; काजूच्या बागेला लागून तर नकोच. पाण्याने भरलेले पिंप आणि दोन बादल्या आग पेटवण्याआधीच जवळ आणून ठेवाव्यात, अंगावर सुती कपडे असावेत, आणि वारा सुटला असेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकलावे. तळाशी छोटा जाळ करून लाकूड पातळ थरांनी घालत जावे. या कामाची सगळी मेख एका खुणेत आहे. निखाऱ्यांवर पांढऱ्या राखेची बारीक साय दिसू लागली, की लगेच पुढचा थर टाकायचा, म्हणजे वरची ज्वाळा येणारी हवा खाऊन टाकते आणि खालच्या थराला प्राणवायू न मिळाल्याने त्याचा कोळसा होतो, राख होत नाही. भातशेतीतील राब भाजण्याशी याची गल्लत करू नये. तेथे हवा मोकळी असल्यामुळे मुख्यतः राख उरते आणि ती पहिल्या पावसांतच विरघळून जाते, तर बायोचार मातीत अनेक दशके टिकतो. खड्डा भरला की भरपूर पाणी ओतून, ढवळून, पुन्हा ओतून निखारे पूर्ण विझवावेत आणि दुसऱ्या दिवशी मधोमध हात घालण्याआधी वाफ येत नाही ना, ते पाहावे. चांगला तयार झालेला तुकडा खटकन मोडतो आणि बोटांवरचा काळेपणा साध्या पाण्याने जातो. तो तेलकट राहिला तर तो तुकडा कच्चा समजून पुढच्या वेळी पुन्हा जाळावा. कोळसा ओला असतानाच गोणपाटात घालून ठेचावा, म्हणजे धूळ उडत नाही, आणि तरीही नाकातोंडावर फडके बांधावे. तुकडे हरभऱ्याएवढे झाले की पुरे.

एक मीटर रुंद आणि तीन मीटर लांब वाफ्यासाठी चौरस मीटरला एक किलो या हिशेबाने तीन किलो कोरडा बायोचार लागतो. त्यासाठी साधारण पंधरा किलो वाळका माल हाताशी असावा.

यानंतरचा टप्पा बहुतेक लोक गाळतात, आणि बायोचारची बदनामी होते ती त्यामुळेच. कोरा बायोचार खत नव्हे. उपाशी मातीत तो तसाच घातला तर स्वतःची छिद्रे भरण्यासाठी तो पिकाच्याच वाट्याचा नत्र धरून ठेवतो. म्हणून घमेल्याला घमेले या प्रमाणात कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत त्यात मिसळावे, दहापट पाणी घातलेल्या गोमूत्राने किंवा जीवामृताने तो ढीग ओलवावा आणि सावलीत ओल्या गोणपाटाखाली तीन ते चार आठवडे मुरू द्यावा. आठवड्यातून एकदा खालीवर करावा. मूठ आवळल्यावर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये, इतकीच ओल ठेवावी. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ढीग लावला तर तो मृगापर्यंत तयार होतो. मग गादीवाफ्याच्या वरच्या वीतभर मातीत तो कुदळीने नीट मिसळावा. पावसाळ्यात वर पातळसा पातेरा पुरतो. मुसळधार पावसात सालीचा जाड थर घातल्यास खाली गोगलगायी साचतात आणि रोपांचे बुंधे कुजतात.

साल मात्र आताच मिळवून ठेवावी. लाकडाच्या गिरणीत आकेशियाची, फणसाची, ऐनाची साल मिळते; लाकडावर कीडनाशक किंवा इतर रसायन मारले होते का, हे तेथे न विसरता विचारावे. लांब पट्टे कोयत्याने दोन-तीन इंचांचे तोडून पत्र्याखाली ढीग करावा आणि अधूनमधून उलटावा; आंबूस वास आला तर ढीग मोडून साल पसरून हवेशीर करावी. पाच सेंटिमीटर थरासाठी वर सांगितलेल्या वाफ्याला दीडशे लिटर, म्हणजे अडीच-तीन गोणी साल लागते.

ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर आधी तण काढावे. हरळी मुळासकट आणि लव्हाळा गाठींसकट खणून काढावा, कारण लव्हाळा कोणत्याही आच्छादनाला भेदून वर येतो. नंतर वाफा भरपूर भिजवावा, ठिबकची नळी अंथरावी आणि तिच्यावर साल पसरावी. रोपाच्या खोडापासून चार बोटे, आंब्याच्या कलमापासून वीतभर आणि घराच्या जोत्यापासून हातभर जागा मोकळी ठेवावी, कारण कोरड्या दिवसांत सालीखाली वाळवी लागते. दर आठवड्याला दोन-तीन ठिकाणी थर उचलून पाहावा आणि मातीच्या नळ्या दिसल्यास तेवढी साल काढून उन्हात टाकावी. लाल माठ किंवा मेथी फेकून पेरायची असेल तर त्या वाफ्यावर साल घालू नये. मिरची, वांगी, टोमॅटो आणि फळझाडांची आळी यांनाच ती शोभते. उरलेला ठेचलेला बायोचार झाकून ठेवून कंपोस्टच्या खड्ड्यात थोडा थोडा टाकत जावा, म्हणजे पुढच्या वर्षीसाठी तो तेथेच मुरतो.