बोहाड्याचा कागदी मुखवटा: लगद्यापासून कुरिअरपर्यंत

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून देवादिकांची सोंगे नाचवण्याच्या उत्सवात, सोंगे घेणारे जे मुखवटे चढवतात, त्यांच्या धर्तीवर वीतभर उंचीचे मुखवटे करून भिंतीवर लावण्यासाठी ऑनलाइन विकता येतात. गिऱ्हाइकाकडून माल परत येतो तो बहुधा दोन कारणांनी: आत राहिलेली ओल आणि मोडलेले नाक.

लगदा. 250 ग्रॅम वर्तमानपत्राचे बारीक तुकडे रात्रभर भिजवा, अर्धा तास उकळा आणि भरपूर पाणी घालून थोडेथोडे मिक्सरवर फिरवा. गुळगुळीत मासिकाचा कागद नको, त्यावरचा लेप पाणी आत जाऊ देत नाही. फडक्यात पिळून त्यात 250 ग्रॅम व्हायटिंग (खडूची बारीक पूड) आणि कीड लागू नये म्हणून दोन चमचे मेथीची पूड मिसळा. 50 ग्रॅम चिंचोक्याची पूड अर्धा लिटर पाण्यात शिजवून खळ करा. ती एकदम ओतू नका. लगदा घट्ट कणकेसारखा मळला गेला की थांबा. खळ कमी पडली तर वाळल्यावर भुगा सुटतो, सैल झाला तर तडे जातात.

साचा. शाडूच्या साच्यावर पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा द्या, म्हणजे मुखवटा सुटून येतो. त्यावर खळ लावलेल्या पट्ट्यांचे चार थर, एक आडवा, एक उभा. मग 4 मिमी लगदा. नाक आणि भुवया वेगळ्याने, थर जरा आवळल्यावर उठवा. एकदम जाड थापलेले नाक वरून वाळते, आतून ओले राहते आणि मुळाशी चिरते.

वाळवण. दोन दिवस सावलीत, मग साच्यावरून काढून कोवळ्या उन्हात. कडक उन्हात घाई केली की कडा आत वळतात. हाताला कोरडा लागला म्हणजे वाळला असे नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करून मागे पेन्सिलीने लिहा. सलग दोन दिवस आकडा हलला नाही तरच रंगाला घ्या. पावसाळ्यात सकाळी हलका झालेला मुखवटा संध्याकाळी परत जड भरतो, म्हणून शक्यतो मे अखेरपर्यंत साठा करून ठेवावा. ओला मुखवटा रंगवून प्लॅस्टिकमध्ये बांधला की प्रवासात बुरशी धरतो.

पॉलिश पेपरने घासा, व्हायटिंग आणि पांढऱ्या गोंदाचे दोन हात द्या, मग रंग आणि शेवटी मॅट वार्निश. चकचकीत वार्निश फोटोत डोळ्यांवर नेमके पांढरे डाग पाडते.

फोटो. खिडकीजवळ, बाजूच्या उजेडात, फ्लॅश आणि फिल्टर न वापरता. समोरून, बाजूने, मागून आणि एक हातात धरलेला. उंची, रुंदी, वजन लिहा. सोंग कोणाचे तेही लिहा, पण मुखवटा नवा असताना ‘जुना’ किंवा ‘पूजेतला’ म्हणून खपवू नका.

किंमत. समजा मजुरी 600, सामान 80, खोका-बांधणी 90, एकूण 770 रुपये. संकेतस्थळाचे कमिशन 15 टक्के असेल तर 770 वर 15 टक्के चढवून भागत नाही, कारण कमिशन विक्रीच्या किमतीवर कापतात. 770 ला 0.85 ने भागा: 906 रुपये. कुरिअर वेगळे.

बांधणी. मागच्या पोकळीत कागदाचे बोळे घट्ट भरा. नाक मोडते ते बहुतेकदा आतून आधार नसल्याने. आधी बटर पेपर, मग बबल रॅप, नाहीतर बुडबुड्यांचे ठसे वार्निशवर उमटतात. पाच पदरी खोक्यात चहूबाजूंनी 4 सेमी भरण ठेवा आणि कमरेएवढ्या उंचीवरून एकदा टाकून पाहा.

खोका मात्र मोठा घेऊ नका. अनेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि येणारे किलो खऱ्या वजनापेक्षा जास्त असतील तर त्यावर पैसे लावतात. 32×28×20 चा खोका म्हणजे 3.58 किलो, 28×24×16 चा 2.15 किलो. आतला मुखवटा तोच, अर्ध्या किलोचा.