बोलायला उशीर होतोय? मुलाशी असं खेळा

‘याचा बापही उशिराच बोलला होता’ या एका वाक्यावर माझ्या बहिणीने आठ महिने वाट पाहिली. भाचा तेव्हा सव्वादोन वर्षांचा. ‘आई’ सोडून दुसरा शब्द नाही, हाक मारली तर वळून बघणं नाही. दिवसभर डब्यांची झाकणं फरशीवर गरगर फिरवत बसायचा. पुढे थेरपिस्टताईंनी जे शिकवलं आणि घरात आम्ही जे करत गेलो, ते इथे क्रमाने सांगते.

१. आधी तपासणी. दीड वर्षाचं मूल बोटाने काही दाखवत नसेल, दोन वर्षांचं ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. आलेले शब्द गेले, तर कोणत्याही वयात लगेच. कानाची तपासणी करून घ्याच, कारण कमी ऐकू येणारं मूल भांडं पडल्यावर दचकतं, म्हणून घरच्यांना वाटतं की त्याला सगळं ऐकू येतं. मूल दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, तर दोन वर्षांपर्यंत त्याची प्रगती प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे पैसे लागत नाहीत. अंगणवाडीताईंना विचारा. खेळ उपचारांच्या जोडीला असतो, बदली नाही.

२. जमिनीवर बसा. टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर या. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा पुरे. खेळणीही दोन-तीनच ठेवा. पसारा असला की मूल एकावरून दुसऱ्यावर जात राहतं.

३. त्याच्या खेळात तुम्ही शिरा. सगळ्यात अवघड हेच, आणि सगळ्यात महत्त्वाचंही. आपण ठोकळे मांडतो, ‘हे बघ, असं कर’ म्हणतो आणि मूल पाठ फिरवतं. मी भाच्याशेजारी बसून दुसरं झाकण फिरवायला लागले. पहिले तीन दिवस त्याने माझा हात ढकलला. चौथ्या दिवशी माझं झाकण लडखडत थांबलं, तशी मी ‘पडलं!’ म्हणत स्वतःही आडवी झाले. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग झाकण उचलून माझ्या हातात दिलं. पुन्हा पड, म्हणून! त्या संध्याकाळी मी किमान वीस वेळा पडले असेन. त्याने काहीतरी केलं, मी उत्तर दिलं, त्याने पुन्हा काहीतरी केलं. ही देवाणघेवाण जितकी लांबेल तितकं चांगलं. बोलणं यातूनच येतं.

४. थांबा. तळहातावर मोराला चारा घालायचा खेळ घ्या, मांडीवरचा घोडा घ्या, नाहीतर चादरीचा झोका. तीन-चार वेळा पूर्ण खेळा आणि पुढच्या वेळी ‘भुर्र’च्या आधी थांबा. भुवया उंचावून, हसऱ्या तोंडाने मनात दहापर्यंत आकडे मोजा. तो पाय हलवेल, हात ओढेल, ‘बु’ म्हणेल. यातलं काहीही आलं की लगेच भुर्र! स्पष्ट शब्दासाठी अडून बसू नका. ‘आधी म्हण, मग देते’ म्हणत बिस्किट हातात धरून ठेवणं हा मात्र खेळ नव्हे. त्याने मूल रडतं, बोलत नाही.

५. त्याच्यापेक्षा एकच शब्द जास्त बोला. तो नुसता आवाज काढत असेल तर तुम्ही ‘चेंडू’ म्हणा, तो ‘चेंडू’ म्हणाला तर ‘मोठा चेंडू’. ‘हे काय आहे? काकांना सांग बघू’ अशी परीक्षा नको. आणि घरात मराठी बोलता ना, मग मराठीच बोला. दोन भाषा कानावर पडल्याने मुलं मागे पडत नाहीत. ‘त्याच्याशी फक्त इंग्रजीतच बोला’ असा सल्ला आम्हालाही मिळाला होता. तो ऐकून त्याची आजीच गप्प झाली असती, आणि त्याच्याशी सगळ्यात जास्त बोलायची ती आजीच.

६. घरकामालाही खेळ करा. आंघोळीला ‘पाणी... डोक्यावर!’, कपड्यांच्या ढिगात कुक, मटार सोलताना एकेक दाणा पातेल्यात ‘टप्’. दाणे नाकातोंडात जात नाहीत ना, याकडे तेवढं लक्ष हवं.

मूल थकलं, तोंड फिरवलं, कानांवर हात ठेवले, की तिथेच थांबा. कधी आठवडाभर काहीच नवं दिसत नाही. आमच्याकडे तर ताप येऊन गेल्यावर महिनाभर तो पुन्हा झाकणांतच रमला होता.

एक वही ठेवा. रोज एकच ओळ: आज त्याने आपणहून काय केलं. ‘माझं बोट धरून फ्रिजपर्यंत नेलं.’ ‘झोका थांबल्यावर माझ्याकडे बघितलं.’ थेरपिस्टकडे जाताना ही वही बरोबर न्या. पुढच्या महिन्यात कोणता खेळ घ्यायचा हे त्या तिच्यावरूनच सांगतात.