४५२००१ या संख्येचे अवयव पाडताना या चुका टाळा

४५२००१ हा पिनकोड इंदूरच्या मुलांच्या ओळखीचा असल्याने रामबागेतील शिकवणीत अवयवांच्या सरावासाठी मी हीच संख्या फळ्यावर लिहिते. एकक स्थानी १ पाहून पुष्कळ विद्यार्थी तिला मूळ संख्या समजतात. ती तशी नाही.

अंकांची बेरीज १२ असल्यामुळे ३ ने भाग जातो आणि १५०६६७ उरतात. खरी गफलत पुढे, ११ च्या कसोटीत होते. उजवीकडून अंक आळीपाळीने मिळवत आणि वजा करत गेल्यास ७ − ६ + ६ − ० + ५ − १ = ११ असे उत्तर येते, आणि ‘शून्य आले तरच भाग जातो’ एवढेच पाठ केलेला विद्यार्थी ११ सोडून १३ कडे वळतो. वास्तविक उत्तर ११ च्या पटीत असले तरी भाग जातो, कारण १० ही संख्या ११ पेक्षा एकाने कमी असल्याने प्रत्येक स्थानाची बाकी क्रमाने अधिक १ आणि उणे १ धरता येते. म्हणून १५०६६७ = ११ × १३६९७.

आता १३६९७ ला ७, १३, १७ अशा चार-दोन संख्यांनी भाग गेला नाही म्हणून तिला मूळ ठरवणे चूक आहे, तसेच हजारापर्यंत भागत बसणेही व्यर्थ आहे. संख्या मूळ नसेल तर तिचा एक तरी मूळ अवयव तिच्या वर्गमुळाएवढा किंवा त्याहून लहान असतो; ११७ चा वर्ग १३६८९ आणि ११८ चा १३९२४ असल्यामुळे ११३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासणे पुरेसे ठरते. ८३ ने बाकी २ आणि १०७ ने बाकी केवळ १ उरते, तेव्हा येथे घाई करू नये. एकाही संख्येने नि:शेष भाग जात नाही, म्हणून ४५२००१ = ३ × ११ × १३६९७.

तिन्ही घातांक १ असल्याने विभाजक आठ आहेत. त्यांतील ३३ आणि ४१०९१ हमखास राहून जातात. सर्व विभाजकांची बेरीज ४ × १२ × १३६९८ = ६५७५०४ आहे, पण या बेरजेची मूळच्या ४५२००१ शी तुलना करताना ही संख्या स्वतः वगळावी लागते आणि मग २०५५०३ एवढीच बेरीज उरते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी चूक हुशार मुले करतात. चारने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येईल असे ती मानतात. तो नियम मूळ संख्यांपुरता आहे. येथे ३ आणि ११ या दोन्ही अवयवांना चारने भागल्यास बाकी ३ उरते आणि त्यांचे घातांक विषम आहेत, त्यामुळे असे दोन पूर्णांक सापडणारच नाहीत.

याहून मोठ्या संख्या एक्सेलमध्ये तपासताना १५ अंकांची मर्यादा लक्षात ठेवावी. १२३४५६७८९०१२३४५६ लिहिल्यास शेवटचा ६ जाऊन तेथे ० येतो आणि संख्येला १० ने भाग जातो असे खोटेच दिसते. अशा संख्येसाठी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरावी. तिच्यात पूर्णांकाचे सर्व अंक जसेच्या तसे राहतात.