ढेकूण घरात शिरलेत का? सुरुवातीच्या खुणा कशा ओळखाव्यात

चादरीवरचे ते ठिपके मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते बॉलपेनचे वाटले. मुलगा अकरावीत, पलंगावर पसरून अभ्यास करायची सवय, त्यामुळे शाईचे डाग आमच्याकडे नवे नव्हते. साबण लावून चादर भिजत घातली आणि विसरून गेले. त्याच्या हातावर उठणारे चट्टे डासांचे समजून आधी कॉइल, मग लिक्विडचं मशिन, मग खिडकीला जाळी असं सगळं करून झालं. यात सहा आठवडे गेले. एका दुपारी सासूबाईंनी त्याची उशी उचलली, कोपरा नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "अगं, हे डास नव्हेत. ढेकूण झालेत."

त्यांचं बालपण लालबागच्या चाळीतलं. सुट्टीच्या दिवशी लोखंडी खाट गॅलरीत ओढायची आणि तिच्या सांध्यासांध्यांत आधणाचं पाणी ओतायचं, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं. मी तो गोडसर, कुबट, सडलेल्या कोथिंबिरीसारखा वास त्या दिवशी पहिल्यांदा घेतला. आणि नंतर कळलं की वास येईपर्यंत थांबणं म्हणजे फारच उशीर. घरात ढेकूण बऱ्यापैकी वाढल्याशिवाय तो सहसा जाणवत नाही. ते सहा आठवडे तुमचे वाया जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

चट्ट्यांवरून निदान करू नका

बहुतेक घरांत चूक इथेच होते. अंगावर चट्टे उठले की आपण अंगाकडेच बघत बसतो. माझी दोन्ही मुलं एकाच पलंगावर झोपत होती. मुलाच्या हातावर आणि मानेवर गांधी उठायच्या, मुलीच्या अंगावर एकही डाग नव्हता. म्हणून आम्ही त्याच्या ॲलर्जीचा शोध घेत राहिलो. प्रत्यक्षात ढेकूण तिलाही चावत असणार. काही जणांच्या त्वचेवर ढेकणाच्या चाव्याचा काहीच परिणाम दिसत नाही. काहींना, विशेषतः पहिल्यांदाच चावलेल्यांना, चट्टे उठायला कित्येक दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. म्हणजे गावाला ढेकूण चावला तर त्याचा चट्टा घरी परतल्यावर दिसू शकतो आणि उलटही होऊ शकतं.

एका ओळीत तीन-चार चट्टे, तेही झोपेत उघड्या राहणाऱ्या जागी म्हणजे मान, दंड, हात, पाय इथे आणि सकाळी उठल्यावर नवे दिसणारे, असं असेल तर शंका जरूर घ्या. पण ती शंकाच. नुसत्या चट्ट्यावरून तो डासाचा, पिसवेचा की ढेकणाचा हे खात्रीने कुणालाच सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. पुरावा पलंगातच शोधावा लागतो.

झडतीची तयारी

दुपारचा निवांत तास काढा. ढेकूण रात्री बाहेर पडतात, म्हणून रात्री जागून पाळत ठेवावी असं बरेच जण सांगतात. त्याची गरज नाही. ढेकूण पाच-दहा मिनिटं रक्त पितो आणि परत फटीत जाऊन बसतो. दिवसाचा सगळा वेळ तो तिथेच असतो आणि त्याच्या खुणाही तिथेच सापडतात.

मोबाइलचा टॉर्च, एखादं जुनं एटीएम कार्ड, थोडा ओला कापूस, पारदर्शक चिकटपट्टी आणि झाकणाची छोटी बरणी एवढं पुरे. भिंग असेल तर उत्तम. चादर झटकू नका. आपल्याला झटकायची इतकी सवय असते की हात आपोआप वर जातो, पण झटकलं की अंडी, काती आणि पिल्लं खोलीभर होतात आणि पुरावाही जातो. चारी कडा आतल्या बाजूला घेत चादर गुंडाळत काढा आणि पिशवीत घालून ठेवा.

कुठून सुरुवात करायची

डोक्याच्या बाजूने. ढेकूण थोडे असतात तेव्हा ते झोपणाऱ्या माणसाच्या जवळच, बहुधा उशाकडच्या फटींत राहतात. संख्या वाढली की मग भिंत, कपाट, शेजारची खोली.

उशीचा अभ्रा उलटा करून कोपरे पाहा. मग गादी. गादीच्या कडेने जी गोल पायपिंगची शिवण फिरलेली असते, ती अंगठ्याने दाबून बाजूला करा आणि तिच्या खालची घळ टॉर्चने बघत बघत पूर्ण फेरी मारा. टॉर्च सरळ वरून न धरता आडवा धरा, म्हणजे बारीक वस्तूची सावली पडते आणि नजरेत भरते. कंपनीचं लेबल शिवलेलं असतं त्याच्या मागे पाहा. कापसाची गादी असेल तर टाक्यांच्या खळग्यांत पाहा. चेन असलेलं कव्हर असेल तर चेनचा पट्टा उघडून पाहा.

गोधडी असेल तर तिला वेगळा वेळ द्या. जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यावर शेकडो धावदोऱ्याचे टाके, त्यामुळे ढेकणाला लपायला जागाच जागा. ती खिडकीसमोर दोघांनी ताणून धरा, प्रकाश पलीकडून येऊ द्या आणि कडेच्या पट्टीपासून आत बघत या. आमच्याकडे आईने शिवलेली गोधडी होती. ती टाकून द्यावी लागेल या भीतीने मी तिच्याकडे पाहायचंच टाळत होते. टाकावी लागली नाही. गरम पाण्यात धुऊन ती वाचली.

यानंतर गादी उचला. प्लायवूडच्या फळीची कड, सनमायका सुटलेली जागा, स्क्रूची भोकं, बिजागऱ्या, हेडबोर्ड आणि भिंत यांच्यामधली फट तपासा. एटीएम कार्ड फटीत घालून हळूच ओढलं की आतलं बाहेर येतं. सामान भरायचा पेटीपलंग असेल तर आतल्या कोपऱ्यांतही बघा. पलंगापाशी काही सापडलं तर मगच पुढे जा: उशाचा स्विचबोर्ड, वायरची पट्टी, कॅलेंडर आणि फोटोच्या फ्रेमचा मागचा भाग, पडद्याच्या चुण्या, सोफ्याची बसायची आणि टेकायची जागा जिथे मिळते ती खाच.

जमिनीवर अंथरूण घालत असाल तर दिवसा गाद्या जिथे रचून ठेवता ती जागा महत्त्वाची. दिवाणावरच्या किंवा कोपऱ्यातल्या त्या ढिगात सगळ्यात खालची गादी आणि तिच्यामागची भिंत आधी बघा.

काय दिसलं म्हणजे ढेकूण

पहिली खूण ठिपक्यांची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात उपयोगी. काळे किंवा गडद तपकिरी, पेनच्या टोकाएवढे, बहुधा चार-सहा एकत्र. ही ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. ती ओली असतानाच कापडात मुरते, त्यामुळे ठिपक्याची कड टीपकागदावर शाई पसरावी तशी फुटलेली दिसते. लाकडावर तोच ठिपका जरा उठलेला राहतो. त्यावर ओला कापूस घासा. तांबूस-तपकिरी ओघळ उठला तर संशय पक्का धरा. झुरळाची लेंडी मिऱ्याच्या भरडीसारखी सुटी आणि कोरडी असते, ती झटकली की पडते. ढेकणाचा ठिपका झटकून निघत नाही. मी त्या दिवशी चादर भिजत घालण्याआधी एवढं एक केलं असतं तर बरंच काही टळलं असतं.

चादरीवर कधी गंजासारखे लालसर पुसट डागही दिसतात. झोपेत कूस बदलताना रक्त प्यायलेला ढेकूण चिरडला की असा डाग पडतो. नुसता असा डाग पुरावा धरू नका, फुटलेल्या पुटकुळीचाही असू शकतो.

दुसरी खूण काती. अंड्यातून निघाल्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत ढेकूण पाच वेळा कात टाकतो, आणि प्रत्येक वेळी त्याआधी त्याला रक्त लागतं. त्या काती तिळाच्या सालपटासारख्या, पिवळट, पोकळ, पण आकार हुबेहूब ढेकणाचा. चिकटपट्टीवर उचलून पांढऱ्या कागदावर चिकटवा, म्हणजे पाय आणि पोटावरचे पट्टे भिंगाखाली स्पष्ट दिसतात. वेगवेगळ्या मापाच्या काती मिळाल्या तर वाढ तुमच्याच घरात चालली आहे असं समजा.

अंडी शोधायला अवघड. जेमतेम एक मिलिमीटर, पांढरी, लांबट, तांदळाच्या कणीचाही बारीक तुकडा असावा तशी. ती डिंकाने चिकटवल्यासारखी पक्की बसलेली असतात. मादी रोज दोन-चार अंडी घालते, ती साधारण आठवड्या-दहा दिवसांत फुटतात, आणि आपल्याकडच्या उबेत महिना-दीड महिन्यात पिल्लाचा पूर्ण ढेकूण होतो. लवकर ओळखण्यावर माझा एवढा भर आहे तो या हिशेबामुळेच.

आणि जिवंत ढेकूण: मसुरीच्या दाण्याएवढा, तसाच चपटा आणि तसाच तांबूस-तपकिरी. रक्त प्यायल्यावर तो फुगून लांबट आणि जास्त लाल होतो. त्याला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. उडी मारली तर ती पिसू. लांब मिशा हलवत सुसाट पळालं तर ते झुरळाचं पिल्लू. ढेकणाचं ताजं पिल्लू मात्र दीड मिलिमीटरचं आणि जवळजवळ पारदर्शक असतं, पांढऱ्या चादरीवर दिसतही नाही. त्याने रक्त प्यायलं की लाल टाचणीचं डोकं चालत असल्यासारखं वाटतं. मिळेल तो नमुना बरणीत बंद करून ठेवा. पेस्ट कंट्रोलवाल्याला तो दाखवला की पुढचं बोलणं सोपं जातं.

काहीच सापडलं नाही, पण मन मानत नाही

जुन्या घरांत मुंग्या लागू नयेत म्हणून फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे, आठवतं? तीच युक्ती जरा बदलून वापरा. पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, चादर-मच्छरदाणी जमिनीला टेकू देऊ नका. प्रत्येक पायाखाली आतून गुळगुळीत असलेला प्लास्टिकचा पसरट डबा (बाहेरून त्याला ढेकणाला चढता येईल अशी खडबडीत पट्टी गुंडाळा), त्यात मधोमध एक छोटा खडबडीत डबा आणि त्यात पलंगाचा पाय. दोन डब्यांमधल्या जागेत टाल्कम पावडरचा अगदी पातळ हात फिरवा. पलंगाकडे निघालेला ढेकूण त्या खाचेत पडतो आणि सहसा वर चढू शकत नाही.

इथे एक सावधगिरी. थंड देशांतल्या ढेकणांशिवाय उष्ण प्रदेशात ढेकणांची आणखी एक जात आढळते, ती आपल्याकडेही आहे, आणि गुळगुळीत भिंत चढण्यात ती जास्त तरबेज आहे. म्हणून डबे रोज सकाळी बघा आणि दोन-तीन आठवडे तरी राहू द्या. एक दिवस रिकामा दिसला म्हणून काढून टाकू नका.

सापडल्यावर पहिल्या दोन दिवसांत

खोली बदलून हॉलमध्ये झोपायला जाऊ नका. तुमच्या श्वासाच्या आणि उबेच्या मागावर ढेकूण तिकडे येतात आणि एका खोलीचं दुखणं दोन खोल्यांचं होतं. गादी जिन्यात नेऊन ठेवू नका. दुकानातला झुरळांचा स्प्रे मारू नका. नेहमीच्या औषधांना ढेकूण बऱ्याच ठिकाणी दाद देत नाहीत, फवारा बसला की नुसते पांगतात.

कपडे, अभ्रे, चादरी बंद पिशवीतूनच मशिनपर्यंत न्या आणि ६० अंशांच्या पाण्यात धुवा. नुसतं ऊन दाखवून भागत नाही. जाड गादी वरून तापते, ढेकूण खालच्या सावलीत सरकतात. मग माणूस बोलवा, आणि एका फेरीत काम होईल असं सांगणाऱ्याला नाही म्हणा. अंडी औषधाला सहसा पुरून उरतात, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फेरी लागतेच.

एक गोष्ट हात जोडून सांगते. धान्याच्या गोदामात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुणी घरात ठेवायला सांगत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्यांतून निघणारा वायू जीवघेणा आहे आणि तो भिंतीपलीकडच्या घरातही जातो. ढेकणांसाठी या गोळ्या वापरल्याने आपल्या देशात माणसं गेली आहेत, मुलंही गेली आहेत. ढेकणांमुळे झोप उडते, खाज सुटते, पण त्यांच्यामुळे माणसांत रोग पसरतो असं दिसलेलं नाही. जीव धोक्यात घालण्याएवढं ते संकट नाही.

लपवू नका

आमच्याकडे ते मुलाच्या शिबिराच्या बॅगेतून आले असावेत. वसतिगृहाची ट्रंक, स्लीपर बसचा प्रवास, जुना विकत घेतलेला सोफा, पाहुण्यांची सूटकेस, कशातूनही येतात. त्यांना घाण लागत नाही, झोपलेलं माणूस लागतं. २०२३च्या शरद ऋतूत, ऑलिंपिकला वर्षही उरलं नसताना, पॅरिसमध्ये ढेकणांचा एवढा गाजावाजा झाला की फ्रेंच सरकारला बैठका घ्याव्या लागल्या. न्यूयॉर्क शहरात तर २०१०पासून घर भाड्याने देताना आदल्या वर्षी तिथे ढेकूण झाले होते का, हे मालकाला लेखी कळवावं लागतं.

मला मात्र शेजारच्या काकूंना सांगायला चार दिवस लागले. आमच्या मुलांच्या पलंगाची भिंत आणि त्यांच्या दिवाणाची भिंत एकच. शेवटी दारात उभी राहून सांगितलं. त्या क्षणभर गप्प झाल्या, आत गेल्या आणि टॉर्च घेऊन बाहेर आल्या. "चल, आधी माझा दिवाण बघू." डोक्याकडच्या बिजागरीत एटीएम कार्ड घातलं, हळूच ओढलं. कार्डाच्या कडेला तीन काती चिकटून आल्या.