आयरिश पूर्वज शोधायचेत? आधी गाव पकडा, नाव नंतर

आयरिश पूर्वज शोधायला बसलं की बहुतेकजण पहिलं काम काय करतात, तर सर्चमध्ये 'पॅट्रिक मर्फी' टाकतात, आणि मग समोर एवढे पॅट्रिक मर्फी येऊन उभे राहतात की माणूस लॅपटॉप मिटून चहा टाकायला उठतो. नुसत्या नावावर तिकडे काही हाताला लागत नाही, जागा लागते. आणि जागा म्हणजे 'काउंटी कॉर्क' एवढं मोघम नाही, टाउनलँड पाहिजे. आपल्या कोकणात गावाच्या वाड्या असतात ना, साधारण तसलं प्रकरण, आणि देशभरात असे ६०,००० च्या वर टाउनलँड आहेत.

म्हणून सुरुवात आयर्लंडमध्ये करूच नका. माणूस जिथे गेला तिथे करा. अमेरिकेत गेला असेल तर थडगं, मृत्यूची बातमी, नागरिकत्वाचे कागद, तिकडच्या चर्चमधली लग्नाची नोंद, यातलं जे सापडेल ते बघा, कुठेतरी गावाचं नाव निघतं. बोस्टनच्या 'पायलट' पेपरात १८३१ पासून हरवलेल्या नातेवाइकांना शोधायच्या जाहिराती यायच्या, त्यात तर गाव, पॅरिश (म्हणजे एका चर्चखाली येणारा भाग) सगळंच दिलेलं असायचं. आणि पूर्वज भारतात शिपाई म्हणून आलेला असेल (कंपनीची जुनी बॉम्बे युरोपियन रेजिमेंटच पुढे १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युजिलियर्समध्ये गेली, म्हणजे बघा) तर मुंबई प्रांतातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या कॉप्या लंडनला जायच्या, त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि फाइंडमायपास्ट या पूर्वज शोधायच्या साइटवर ऑनलाइन दिसतात. पेन्शनवर सुटलेल्या शिपायाच्या डिस्चार्ज पेपरवर बरेचदा जन्माची पॅरिशही लिहिलेली असते.

गाव किंवा निदान जवळचं मार्केटचं शहर कळलं की मग सरकारी नोंदी. एक तारीख डोक्यात पक्की बसवा, १ जानेवारी १८६४. त्या दिवसापासून जन्म, मृत्यू आणि सगळी लग्नं सरकारदरबारी लागायला लागली, कॅथलिक सोडून बाकीच्यांची लग्नं त्याआधी १८४५ पासूनच. आयरिशजिनिऑलॉजी डॉट आयई या सरकारी साइटवर मूळ पानांचे फोटो फुकट आहेत, जन्म १०० वर्षांपूर्वीचे, लग्न ७५ आणि मृत्यू ५० वर्षांपूर्वीचे. सर्चमध्ये जिल्हा विचारतात तो काउंटी नाही हं, तो रजिस्ट्रेशनचा जिल्हा, मोठ्या गावाच्या नावाचा, स्किबरीन, वेस्टपोर्ट असा, आणि तो कधीकधी काउंटीची हद्द ओलांडून जातो.

यात सगळ्यात कामाची जन्माची नोंद, कारण तिच्यात आईचं माहेरचं आडनाव असतं. लग्नाच्या नोंदीत दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा मिळतो, आयांचं नाव नाही. मृत्यूच्या नोंदीत आईवडिलांचा पत्ताच नाही, त्यामुळे तिच्यावर फार वेळ घालवू नका.

आता जनगणना. १९०१ आणि १९११ ची आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर अख्खी आणि फुकट आहे. त्याआधीचं रडू नका. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारनेच नष्ट केले, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात लगद्याला गेले, आणि १८२१ ते १८५१ चे बहुतेक १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या (कोर्टाची इमारत, सरकारी दप्तर तिथेच होतं) आगीत जळाले. त्याच आगीत चर्च ऑफ आयर्लंडची (प्रोटेस्टंटांचं चर्च) पण कितीतरी रजिस्टरं गेली. कॅथलिक रजिस्टरं वाचली, कारण ती पाद्र्यांकडेच होती.

जनगणनेतल्या वयावर मात्र जाऊ नका. १९०१ ला ५५ ची असलेली बाई १९११ ला ७० ची निघते! १९०९ पासून सत्तरी झालेल्यांना पेन्शन सुरू झाली आणि जुन्या लोकांकडे जन्माचा सरकारी कागद होता कुठे, मग वय पटापट वाढलं. जन्मतारखेचंही तेच, नोंद उशिरा केली की दंड, म्हणून आईबाप तारीखच पुढे ढकलून सांगायचे. त्यामुळे बाप्तिस्मा २ मार्चचा आणि जन्म २० मार्चचा असं दिसलं तर दचकू नका, चर्चची तारीख धरा.

१८६४ च्या मागे जायचं तर पॅरिश रजिस्टर. नॅशनल लायब्ररीने कॅथलिक रजिस्टरांच्या मायक्रोफिल्म २०१५ ला फुकट ऑनलाइन टाकल्या, साधारण १८८० पर्यंतच्या. तिथे नावाने सर्च नाही, नकाशावर पॅरिश निवडायची, वर्ष-महिना लावायचा आणि पान पान बघत बसायचं. नावाने शोधायचं तर अँसेस्ट्री किंवा फाइंडमायपास्टचा इंडेक्स, नाहीतर पैसे भरून रूट्सआयर्लंड. टाउनलँड कोणत्या कॅथलिक पॅरिशमध्ये येतं ते आधी तपासा, सिव्हिल पॅरिश, म्हणजे सरकारी कागदातली, वेगळी असते आणि इथेच बरेचजण भरकटतात.

नोंद एकदोन ओळींची, बरेचदा लॅटिनमध्ये: बाळाचं नाव, बाप, आई माहेरच्या आडनावासकट, आणि शेवटी गॉडफादर-गॉडमदर. याकोबुस म्हणजे जेम्स, योआन्नेस म्हणजे जॉन, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम. ब्रिजिट पुढे अमेरिकेत डेलिया होते, ओ'सलिव्हनचा नुसता सलिव्हन होतो, म्हणून सर्च करताना 'ओ' लावून आणि काढून, दोन्ही करून बघा. पश्चिमेकडच्या खूप पॅरिशची रजिस्टरं सुरूच १८२० नंतर होतात, त्यामागे मग जमिनीचे कागद, दशांश कराची (चर्चसाठीचा शेतीवरचा कर) वही १८२३ ते १८३७ ची, आणि त्यानंतरचं ग्रिफिथचं व्हॅल्युएशन, म्हणजे जमीन-घरांची सरकारी किंमत ठरवलेली यादी, १८४७ ते १८६४ चं. त्यात जमीन ज्याच्या ताब्यात त्याचं नाव, घरातल्या बाकीच्यांची नाहीत, पण ग्रिफिथला नकाशा आहे, शेजारी कोण ते कळतं.

शेवटी हातात दोन पॅट्रिक उरतातच. तेव्हा गॉडपेरेंट्सची आडनावं बघा, ते बहुतेक काका-मामा-मावश्या नाहीतर शेजारी असतात. मुलांची नावंही लावून बघा, थोरल्याला वडिलांच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, अशी पद्धत बऱ्याच घरांत होती, सगळीकडे नाही. आणि ज्या पॅट्रिकला बाद केलंत तो का बाद केला हे पण वहीत लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तोच परत शोधत बसाल.