रक्तातलं आणि धुरातलं: हृदयाचा धोका कागदावर कसा मांडायचा

वडिलांना पहिला अटॅक 48 व्या वर्षी आला. मी तेव्हाही सिगारेट ओढत होतो, पुढे आणखी नऊ वर्षं ओढली. "आमच्या रक्तातच आहे, सोडून काय होणार?" हे माझं पेटंट उत्तर.

आधी एक मोठा कागद घ्या. आजी-आजोबांपासून भावंडांपर्यंत सगळ्यांची नावं लिहा. हृदयविकार कोणाला झाला, त्यासोबत कितव्या वर्षी झाला तेही विचारा. वडील किंवा भावाला 55 च्या आत, आई किंवा बहिणीला 65 च्या आत झाला असेल तर लाल खूण. "झोपेतच गेले" यावर समाधान मानू नका. माझी आत्या आधी वैतागली, मग तिनेच आजोबांचं वय सांगितलं. प्रत्येक नावापुढे ती व्यक्ती सिगारेट ओढायची का तेही लिहा. आमच्याकडे लाल खुणा तीन, आणि तिघेही ओढणारे. माझ्या उत्तरातली हवा तिथेच गेली.

मग रक्त तपासा. लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी तर कराच, शिवाय आयुष्यात एकदा 'एलपी लिटल ए', म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या एका कणाची तपासणी. लॅबमध्ये नाव नीट सांगा, अपोलिपोप्रोटीन ए-वन ही वेगळी तपासणी आहे. लिटल ए मुख्यतः जनुकं ठरवतात, पथ्याने तो फारसा हलत नाही. दर डेसिलिटरला 50 मिलिग्रॅमच्या वर गेला तर जास्त. औषधाशिवाय एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 190 किंवा वर असेल, तर आनुवंशिक कोलेस्टेरॉलबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. साधारण 250 माणसांत एकाला ते असतं.

जनुकांच्या महागड्या चाचणीमागे लगेच धावू नका. 9पी21 या गुणसूत्राच्या भागाचा हृदयविकाराशी संबंध 2007 मध्ये सापडला. त्यातला एक प्रकार धोका वाढवतो खरा, पण तो कितीतरी धडधाकट माणसांतही असतो. मला हलवलं ते वेगळ्याच गोष्टीने: एडीएएमटीएस7 या जनुकाजवळचा एक बदल हृदयाला थोडं संरक्षण देतो, पण 2017 च्या अभ्यासात ओढणाऱ्यांत ते संरक्षण निम्म्याहून कमी उरलेलं दिसलं. म्हणजे रक्तातलं चांगलंही धूर खातो.

आता सिगारेट. "दिवसाला एकच" हा हिशेब हृदयाला लागू नाही. वीस ओढल्याने जेवढा जादा धोका, त्याच्या जवळपास निम्मा एकीतच येतो. म्हणून तारीख ठरवून पूर्ण बंद. मी निकोटिनचा पॅच लावला आणि तलफेला निकोटिनचंच च्युइंगम. डॉक्टरांना विचारून दोन्ही एकत्र चालतं. पहिला आठवडा मी घरात कोणाशी धड बोललो नाही. वर्षभरात तो जादा धोका साधारण निम्म्यावर येतो.

माझा लिटल ए जास्त निघाला. रिपोर्टचा फोटो त्याच दिवशी धाकट्या भावाला पाठवला, कारण आता तपासणीची पाळी त्याची होती.